शिकागोत पाऊस लागलाय? दिवसभराचं फिरणं आणि रात्रीचा ब्लूज असा बसवा

एप्रिल-मे आला की मला फोन सुरू होतात. "अगं, शिकागोत दोनच दिवस आहोत आणि त्यातला एक दिवस पूर्ण पाऊस दाखवतोय, काय करू?" मी शिकागोच्या उपनगरात राहते, पाहुण्यांना घेऊन पावसात भरपूर हिंडले आहे, आणि बहुतेकांचा तो दिवस एकाच पद्धतीने वाया जाताना पाहिलाय. सकाळी छत्री घेऊन थेट उघड्या पार्कात जातात, तासाभरात मोजे ओले, मग आधीच काढलेलं टॉवरचं तिकीट फुकट जाऊ नये म्हणून वर जाऊन ढग बघतात, संध्याकाळी थकून हॉटेलवर आडवे होतात, नऊ वाजता उठून जड पिझ्झा खातात आणि साडेदहाला ब्लूज (आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं गिटारवर रंगणारं संगीत) ऐकायच्या क्लबच्या दारात पोचतात तेव्हा कळतं की पासपोर्ट तिजोरीत राहिलाय. दिवसही गेला आणि रात्रही गेली.

हे टाळता येतं आणि ते अवघड अजिबात नाही, फक्त क्रम बदलावा लागतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

टप्पा १: पाऊस कुठल्या जातीचा आहे ते आधी ठरवा

इथे दोन प्रकारचे पाऊस असतात आणि दोघांचं प्लॅनिंग वेगळं.

एक म्हणजे वसंतातली किंवा शरदातली दिवसभराची बुरबुर. जोर कमी, पण थांबत नाही, आणि हवा ७-८ अंश सेल्सिअसवर असू शकते. मुंबई-पुण्याच्या पावसात भिजायची सवय असलेल्या माणसाची इथेच फसगत होते. आपला पाऊस कोमट, भिजलं तरी घरी येऊन टॉवेलने डोकं पुसलं की झालं. इथे मात्र शहराला लागून असलेल्या मिशिगन तळ्यावरून येणारा वारा ओल्या कपड्यांतून आरपार जातो आणि अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. असा दिवस पूर्ण आतल्या जागांमध्येच बसवायचा.

दुसरा उन्हाळ्यातला, म्हणजे जून ते ऑगस्टचा वादळी पाऊस. तासभर धो धो, विजा, आणि मग लख्ख ऊन. इथे आतल्या आणि बाहेरच्या जागा आलटून पालटून घ्यायच्या. सकाळी नुसती टक्केवारी बघू नका, ताशी अंदाज आणि रडार उघडा, ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकतोय ते डोळ्यांनी दिसतं.

सावध: फोन अचानक कर्कश वाजला आणि टोर्नेडो किंवा पुराची सूचना आली तर फोटो काढत बसू नका, जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा आणि खिडक्यांपासून लांब थांबा. एक मात्र माहीत असू द्या, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता शहरभर भोंगे वाजवून चाचणी घेतात. माझी मावशी पहिल्यांदा ते ऐकून पांढरीफटक पडली होती.

टप्पा २: रात्र आधी ठरवा, दिवस नंतर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक सकाळपासून प्लॅन करत जातात आणि ब्लूजला "संध्याकाळी जमलं तर बघू" वर टाकतात. उलटं करा. आधी क्लब, मग त्याच्या जवळचं जेवण, मग दुपार, आणि सगळ्यात शेवटी सकाळ.

तीन जागा मी सुचवेन, तिन्ही वेगळ्या स्वभावाच्या.

बडी गाय्ज लेजंड्स, ७०० साउथ वॉबॅश. १९८९ पासून चालू आहे. डाउनटाउनला अगदी लागून, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यांना आणि आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांना हीच बरी. जेवणही मिळतं. शहरातल्या ट्रेनच्या रेड लाइनवरच्या हॅरिसन स्टेशनवरून चालत काही मिनिटं. क्लबचे मालक, ब्लूज गिटारवादक बडी गाय जानेवारीत स्वतः इथे वाजवतात ही जुनी परंपरा, त्या दिवसांची तिकिटं खूप आधी बघावी लागतात.

किंग्स्टन माइन्स, २५४८ नॉर्थ हॉल्स्टेड. १९६८ पासूनची जागा. इथे दोन स्टेज आहेत, एका खोलीतला बँड थांबला की दुसरीकडचा सुरू होतो, म्हणजे संगीतात खंड पडत नाही. रात्री उशिरापर्यंत चालतं. फुलरटन स्टेशनवरून चालत जाता येतं.

रोझाज लाउंज, ३४२० वेस्ट आर्मिटेज. १९८४ साली इटलीहून आलेल्या एका मुलाने आईला सोबत घेऊन सुरू केलेली छोटी जागा, आईचंच नाव दिलेलं. इथे लोक खरंच ऐकायला येतात. पण ट्रेनचं स्टेशन जवळ नाही, पावसात इथे जायचं तर गाडीच करा.

आता पत्ता वाचायला शिका, कारण त्यावर सगळा दिवस ठरतो. शिकागोचा शून्य बिंदू म्हणजे स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक. तिथून उत्तरेला साधारण ८०० आकडे म्हणजे एक मैल. दक्षिणेला हिशोब जरा वेगळा आहे, पहिला मैल १२०० ला संपतो आणि दुसरा २२०० ला. म्हणजे ७०० साउथ हे मध्यापासून अर्ध्या मैलाच्या थोडं पुढे, आणि २५४८ नॉर्थ म्हणजे तीन मैलांपेक्षा जास्त. नकाशावर दोन्ही बोटभर अंतरावर दिसतात, पावसात चालताना फरक कळतो.

चेक: क्लबच्या साइटवर त्या तारखेचा कार्यक्रम, दार उघडायची वेळ, कव्हर चार्ज (दारात द्यायची प्रवेश फी) आणि वयाची अट, या चार गोष्टी वाचल्या का? जुन्या लेखातल्या वेळांवर जाऊ नका, कोविडनंतर बऱ्याच जागांचे दिवस आणि तास बदललेत.

टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

पासपोर्ट. मूळ, कागदी, हातात धरता येईल असा. दारू प्यायचं वय इथे २१ आहे आणि बऱ्याच क्लबमध्ये २१ च्या खाली प्रवेशच नाही, त्यामुळे दारात सगळ्यांचं आयडी बघतात, केस पांढरे असले तरी बघतात. फोनमधला फोटो चालत नाही, आधारची प्रत चालत नाही, आपल्याकडच्या लायसन्सवर बहुतेक ठिकाणी मान डोलावत नाहीत. माझ्या चुलतभावाला एका क्लबच्या दारातून असंच परत जावं लागलं होतं. आतून गिटार ऐकू येत होती आणि तो फुटपाथवर पावसात उभा, तो चेहरा अजून आठवतो. पासपोर्ट झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

मुलं सोबत असतील तर क्लबला फोन करून विचारा. काही ठिकाणी संध्याकाळी लवकर, पालकांसोबत चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही. कॉलेजला आलेल्या १९-२० वर्षांच्या भाच्याला गृहीत धरून चालू नका.

कपडे. टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट, छत्री दुय्यम. मिशिगन ॲव्हेन्यूवरून चालताना प्रत्येक चौकात पूर्वेकडून, म्हणजे तळ्याकडून, वाऱ्याचा झोत येतो आणि छत्री एका क्षणात उलटी होते. पावसाच्या दिवशी इथल्या कचरापेट्यांतून मोडक्या छत्र्यांच्या काड्या बाहेर आलेल्या दिसतात त्या उगाच नाही. घ्यायचीच तर छोटी, पिशवीत मावेल अशी घ्या, कारण मोठी छत्री म्युझियममध्ये क्लोकरूमला द्यावी लागते. जीन्स टाळा, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. कॅनव्हासचे बूट तर नकोच.

मोजे. दोन जोड जास्तीचे, प्लास्टिकच्या पिशवीत. ही यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी.

सुटे पैसे. एक आणि पाच डॉलरच्या नोटा, मिळून तीसेक डॉलर. का ते टप्पा ७ मध्ये येईल.

कानात घालायचे फोमचे बोळे. क्लब लहान असतात आणि आवाज मोठा. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर नक्की घ्या, गाणं व्यवस्थित ऐकू येतं आणि दुसऱ्या दिवशी कान गुणगुणत नाहीत.

टप्पा ४: ट्रेनचं समजून घ्या

शहरातल्या ट्रेनला इथे एल म्हणतात. गाडी भाड्याने घेऊन डाउनटाउनला यायच्या भानगडीत पडू नका, पार्किंगलाच जीव जातो. व्हेंट्रा कार्ड (इथल्या ट्रेन-बसचं कार्ड) घ्या किंवा टॅप होणारं बँकेचं कार्ड वापरा, प्रत्येकाने आपापलं. दोन तासांच्या आत आणखी दोन प्रवास ट्रान्सफरमध्ये होतात, त्यामुळे दिवसभर सारखं तेच कार्ड लावा, मधेच फोन आणि मधेच प्लास्टिकचं कार्ड असं केलं की सिस्टिमला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

रेड आणि ब्लू या दोनच लाइन चोवीस तास चालतात. ब्राउन लाइन रात्री बंद होते. क्लबवरून परतायचा विचार करताना हे आत्ताच डोक्यात ठेवा.

पेडवे नावाचं एक जमिनीखालच्या आणि इमारतींच्या आतल्या रस्त्यांचं जाळं आहे, पावसात फार कामाला येतं असं सगळे सांगतात. येतं, पण अटी आहेत. बरेच भाग कार्यालयीन वेळेतच उघडे असतात, शनिवार-रविवारी दारं बंद मिळतात, आणि आर्ट इन्स्टिट्यूट या चित्रांच्या म्युझियमपर्यंत ते जातच नाही. म्हणून पेडवेवर सगळा दिवस उभा करू नका, वाटेत मिळाला तर वापरा.

टप्पा ५: सकाळ आणि दुपार

*५.१ सुरुवात कल्चरल सेंटरपासून*

सकाळी १० ला शिकागो कल्चरल सेंटर, मिशिगन आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावर. प्रवेश फुकट. १८९७ ला शहराचं सार्वजनिक वाचनालय म्हणून उघडलेली इमारत. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दाराने आत शिरा, म्हणजे पांढऱ्या संगमरवरी जिन्यावरून वर जाता येईल, कठड्यांत हिरव्या-सोनेरी काचेचे बारीक तुकडे जडवलेत, हात फिरवून बघावंसं वाटतं. वर टिफनीचा काचेचा घुमट आहे, ३८ फूट व्यासाचा, सुमारे ३०,००० काचा. उन्हाच्या दिवशी तो चमकतो, पण पावसाळी उजेडात मला जास्त आवडतो, सगळी काच माशाच्या खवल्यांसारखी मऊ दिसते आणि मान वर करून कितीही वेळ बघितलं तरी डोळे दुखत नाहीत. उत्तरेच्या बाजूला दुसरा घुमट आहे, तो बऱ्याच जणांचा राहून जातो. तो बघितल्याशिवाय बाहेर पडू नका.

*५.२ बीनला फक्त दहा मिनिटं*

रस्ता ओलांडला की मिलेनियम पार्क आणि तिथलं क्लाउड गेट, ज्याला सगळे बीन म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं काम, स्टीलच्या १६८ पत्र्यांचं, सांधा कुठे दिसत नाही. पावसात गर्दी कमी असते आणि पृष्ठभागावरून ओघळणाऱ्या थेंबांत शहरातल्या इमारतींची सगळी रांग वितळल्यासारखी दिसते. जवळून बघा, पाच फोटो काढा आणि निघा. पाऊस जोरात असेल तर हा थांबा सरळ गाळा, विजा असतील तर उघड्या पार्कात पाऊलही टाकू नका.

*५.३ आर्ट इन्स्टिट्यूट: आजच्या दिवसाचा गाभा*

मिशिगन ॲव्हेन्यूवरून दक्षिणेला आठ-दहा मिनिटं चाललं की दारात दोन हिरवे सिंह दिसतात. मंगळवार आणि बुधवारी बंद असतं, हे न बघता जाणारे दर महिन्याला भेटतात. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. सिंहांच्या दाराशी पावसात रांग असेल तर मनरो स्ट्रीटवरच्या मॉडर्न विंगच्या दाराने जा, तिथे बहुतेक वेळा कमी गर्दी असते.

आत गेल्यावर पहिलं काम क्लोकरूम. ओलं जॅकेट अंगावर ठेवून तीन तास चित्रं बघता येत नाहीत, अंग आंबून जातं. पासपोर्ट मात्र काढून जवळ घ्या.

सगळं बघायला जाऊ नका, दमाल. तीन तासांत एवढंच:

मोठ्या जिन्याने वर जा आणि गुस्ताव्ह कायबोटचं १८७७ चं पॅरिसमधल्या पावसाळी रस्त्याचं चित्र गाठा. बाहेर भिजून आल्यावर या चित्रासमोर उभं राहण्यात जी मजा आहे ती उन्हाळ्यात नाही. चित्र माणसापेक्षा उंच आहे. मधोमध दिव्याचा खांब, उजवीकडून एक जोडपं एकाच छत्रीखाली अगदी आपल्या अंगावर चालत येतंय. आता जवळ जाऊन शोधा, पावसाचा एकही थेंब पडताना काढलेला नाही. सगळा पाऊस खाली फरसबंदीच्या दगडांवर आहे, प्रत्येक दगडाच्या कडेला ओली चमक. पाच मिनिटं तरी थांबा तिथे.

मग जॉर्ज सूराचं ठिपक्याठिपक्यांचं नदीकाठचं मोठं चित्र, एडवर्ड हॉपरचं १९४२ चं रात्रीच्या खाणावळीचं, आणि शागालच्या निळ्या काचेच्या खिडक्या. लहान मुलं असतील तर तळघरातल्या थॉर्न मिनिएचर खोल्या चुकवू नका. एक फुटाला एक इंच या मापाने केलेल्या ६८ छोट्या खोल्या, ज्येष्ठांनाही त्या फार आवडतात.

आणि जिन्यावर एक क्षण थांबा. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत. २०१० मध्ये मुंबईच्या जितीश कल्लाटने त्या भाषणाचे शब्द याच मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांमध्ये उमटवले होते. तो जिना म्हणजे हाच. माझे बाबा त्या पायऱ्या चढताना एकदम गप्प झाले होते.

चेक: दुपारी दोनच्या आसपास इथेच किंवा जवळ काहीतरी हलकं खाऊन घ्या. पोटभर नको, खरं जेवण पाचला आहे.

*५.४ टॉवर की नाही? एका नजरेत ठरवा*

विलिस टॉवरचा स्कायडेक, म्हणजे वरून शहर बघायची जागा, १०३ व्या मजल्यावर आहे, जुन्या हॅनकॉक टॉवरची ९४ व्या. पावसाळी दिवशी ढग या मजल्यांच्या खाली असू शकतात. आम्ही एकदा काका-काकूंना वर नेलं, चारही बाजूंना पांढरा कागद लावल्यासारखं, खाली रस्ता सोडा, शेजारची इमारतसुद्धा दिसेना. तेव्हापासून साधी कसोटी: रस्त्यावर उभं राहून मान वर करा, टॉवरचं टोक आणि त्यावरचे अँटेना स्वच्छ दिसले तर जा, नाही तर नाही. तिकीट आधी काढू नका, म्हणजे प्रश्नच येत नाही.

नदीतल्या बोटीचंही तसंच. वास्तुकलेची दीड तासाची सफर अप्रतिम असते, बोटी साध्या पावसात निघतातही, पण मजा सगळी वरच्या उघड्या डेकवर, आणि थंड पावसात तिथे दीड तास बसणं ज्येष्ठांना झेपत नाही. उन्हाळी सर येऊन गेल्यावर जा.

*५.५ तीन ते साडेचार: दोन पर्याय*

पहिला पर्याय ज्यांना रात्रीचं संगीत नीट समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी. २१२० साउथ मिशिगन. हे चेस रेकॉर्ड्सचं जुनं घर, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, चक बेरी, विली डिक्सन या दिग्गज कलाकारांची रेकॉर्डिंग्ज केलेली कंपनी. आता तिथे विली डिक्सनच्या नावाची ब्लूज हेवन संस्था आहे आणि टूर असतात. ॲडम्स-वॉबॅशवरून ग्रीन लाइन पकडून सर्माक-मॅकॉर्मिक प्लेसला उतरा, तिथून थोडं चालायचं. टूरचे दिवस आणि वेळा आधी बघून जा, दार बंद असेल तर आसपास आडोसा फारसा नाही.

दुसरा पर्याय पाय दुखणाऱ्यांसाठी, आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत. ॲडम्स-वॉबॅशवरूनच ब्राउन लाइनची किंबलला जाणारी ट्रेन घ्या. रूळ रस्त्याच्या वर, इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना खेटून जातात. वळणावर चाकं किंचाळतात, ट्रेन हळू होते आणि मग वेल्स स्ट्रीटच्या पुलावरून नदी ओलांडते. उजव्या बाजूला बसा, पूर्वेला नदीवर मक्याच्या कणसासारखे मरीना सिटीचे दोन गोल टॉवर दिसतात. खिडकीवर पावसाच्या रेघा, खाली हिरवट पाणी, आणि आपण कोरडे. फुलरटनला उतरून समोरच्या दिशेच्या फलाटावर जाऊन परत या.

सावध: या वेळेत डेव्हन ॲव्हेन्यूला जायचा मोह होतो, तिथे आपली किराणा दुकानं, चाट, मिठाई सगळं आहे. पण ते शहराच्या पार उत्तरेला, जायलाच तासभर लागतो. पावसाच्या दिवशी ते यात बसत नाही, दुसऱ्या दिवशी जा.

टप्पा ६: हॉटेलवर परत, सगळ्यांनी

हा टप्पा लोक गाळतात आणि म्हणूनच रात्र फसते. साडेचारला हॉटेलवर या. ओले बूट काढा, पाय कोमट पाण्याने धुवा, मोजे बदला, फोन चार्जिंगला लावा, वीस मिनिटं पाठ टेका. गजर लावून टेका, नाहीतर जेटलॅगवाल्यांची सरळ सकाळ होते.

मग जेवण, क्लबच्या आधी. डीप डिश, म्हणजे खोल भांड्यात भाजलेला जाड पिझ्झा खायचा असेल तर लक्षात ठेवा की तो भाजायलाच ३५ ते ४५ मिनिटं लागतात, वर टेबल मिळायचा वेळ वेगळा. टेबलासाठी नाव लिहितानाच ऑर्डर देता येईल का विचारा, बऱ्याच ठिकाणी घेतात. शाकाहारी मंडळींची सोय छान होते, पालक किंवा साधा चीजवाला घ्या. माणशी दोन तुकडे पुरतात, तीन खाल्ले तर क्लबमध्ये डोळे मिटायला लागतात. रात्री नऊला हा पिझ्झा खाणं म्हणजे श्रीखंड-पुरीचं जेवण करून लगेच मैफलीला बसणं.

चेक, दाराबाहेर पडायच्या आधी: पासपोर्ट, सुटे डॉलर, कार्ड, कानाचे बोळे, कोरडे मोजे पायात. मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा, क्लबमध्ये पायाखाली ठेवायला जागा नसते.

टप्पा ७: क्लबमध्ये

पहिला बँड सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा. पावसाच्या दिवशी लोक उशिरा येतात असं समजू नका, बाहेर भिजण्यापेक्षा आत बसलेलं बरं म्हणून जागा लवकर भरतात. स्टेजच्या अगदी समोर बसू नका, तिथे नुसते ड्रम ऐकू येतात, बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा म्हणजे गिटारवाल्याची बोटं दिसतात आणि गाण्याचे शब्दही कळतात.

पैशांचं असं. दारात कव्हर चार्ज, कधी रोख. आत बसलं की काहीतरी प्यायला घ्यावं लागतं, काही जागी दोन ड्रिंक्सची अट असते. दारू घेत नसाल तर बिनधास्त कोक किंवा क्रॅनबेरी ज्यूस मागा, तेही धरलं जातं. बारवर दर ड्रिंकमागे एक-दोन डॉलर टिप, टेबलवर बिल आलं तर १८ ते २० टक्के. आणि बँडची बादली किंवा बरणी फिरते तेव्हा नोट टाका. हे भीक किंवा ऐच्छिक कौतुक समजू नका, बऱ्याच वादकांच्या रात्रीच्या कमाईचा तो खरा भाग असतो. आपल्यातले लोक इथे हात आखडतात आणि मला फार वाईट वाटतं, तीन तास जीव ओतून वाजवतात हो ती माणसं.

आता ऐकायचं कसं. "सगळी गाणी सारखीच वाटतात" ही तक्रार मी दर वेळी ऐकते, म्हणून ही एक युक्ती. बहुतेक ब्लूज बारा मात्रांच्या नाही, बारा खणांच्या आवर्तनात चालतो, प्रत्येक खणात चार ठोके. टेबलाखाली बोटावर मोजा. पहिले चार खण एका स्वराच्या घरात, मग दोन खण वर जातात, दोन परत घरी, मग नववा आणि दहावा खण सगळ्यात ताणलेला, आणि शेवटचे दोन खण पुन्हा घरी आणून सोडतात. शब्दही तसेच, पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ उत्तर देणारी. मधल्या मोकळ्या जागेत गिटार किंवा हार्मोनिका गाणाऱ्याला जवाब देते. तबल्याची सम पकडायची सवय असलेल्या माणसाला हे दोन गाण्यांत जमतं आणि मग एकदम दार उघडल्यासारखं होतं, कारण पुढचं आवर्तन कोण कसं भरतोय याकडे कान लागतात. माझी आई, जिने आयुष्यभर भजनं आणि नाट्यगीतं ऐकली, तिसऱ्या गाण्याला बाराव्या खणावर अचूक मान हलवत होती.

दाद द्यायची रीत थोडी वेगळी. सोलो संपला की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवतात, मधे "येस" म्हणून ओरडलं तरी चालतं, आपल्या "वाह" सारखंच. संथ गाणं चालू असताना मोठ्याने गप्पा मारू नका. फ्लॅश मारू नका. एखादा व्हिडिओ घ्या आणि फोन खाली ठेवा. एक सेट पाऊण ते एक तासाचा, मग विश्रांती. पहिल्या सेटवरून मत बनवून उठू नका, बँड दुसऱ्या सेटमध्ये खुलतो आणि मुख्य कलाकार बहुतेक वेळा तेव्हाच येतो. विश्रांतीत वादक बारपाशी उभे असतात, जाऊन दोन शब्द बोला, खूप मोकळी माणसं असतात.

टप्पा ८: परत येणं

शेवटचा सेट संपला की सगळे एकदम उबर मागवतात आणि पाऊस असेल तर भाव दुप्पट दिसतो. शेवटच्या गाण्याच्या पंधरा मिनिटं आधी निघा किंवा आत बसून पंधरा मिनिटं थांबा.

सावध: डाउनटाउनमध्ये वॅकर ड्राइव्हजवळ रस्ते एकावर एक आहेत. ॲप गाडी खालच्या पातळीवर बोलावतं आणि आपण वर पावसात उभे, ड्रायव्हर म्हणतो मी आलोय. त्या भागात हॉटेल असेल तर नदीपासून दोन ब्लॉक दूर, एखाद्या हॉटेलच्या छताखालचा पत्ता टाका.

ट्रेनने जायचं तर रेड लाइन रात्रभर आहे. दोघं-तिघं असाल तर ठीक, पहिल्या डब्यात ड्रायव्हरच्या जवळ बसा, फोन खिशात. एकटे असाल किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर मी गाडीच करायला सांगेन, तिथे पंधरा-वीस डॉलर वाचवू नका.

खोलीवर आल्यावर झोपायच्या आधी एक शेवटचं काम. बुटांचे इनसोल बाहेर काढा आणि आत कागद कोंबा, लहानपणी शाळेचे बूट रद्दीच्या पेपरने वाळवायचो तसेच. हॉटेलात पेपर मिळत नाही, त्यामुळे टिश्यू किंवा हाताचा कोरडा टॉवेल कोंबा आणि बूट हीटरसमोर एक हात अंतरावर ठेवा, अगदी चिकटवून नको, गोंद सुटतो. पासपोर्ट पिशवीतून काढून परत तिजोरीत.